गर्भनिरोधक गोळ्या कितपत भरवशाच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळी नव्याण्णव टक्के खात्रीची आहे असं डॉक्टर सांगतात, आणि गोळ्या चालू असताना दिवस गेलेली एखादी मैत्रीण, नणंद किंवा शेजारीण आपल्या माहितीत असते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की गोळीवर किती विसंबायचं ते प्रत्येकीला स्वतःचं स्वतः ठरवता येतं. खालची माहिती मुख्यतः माला-एन, माला-डी आणि त्यांच्यासारख्या रोज घ्यायच्या, दोन संप्रेरकं असलेल्या गोळ्यांची आहे. ‘छाया’, पाळी पुढे ढकलायची गोळी आणि तातडीची गोळी यांची गणितं वेगळी आहेत, म्हणून त्यांची उत्तरंही वेगळी दिली आहेत.

गोळ्या अगदी नियमित घेतल्या तरी गर्भ राहू शकतो का?

राहू शकतो, पण फार क्वचित. १००० स्त्रियांनी वर्षभर एकही गोळी न चुकवता घेतली, तर त्यातल्या साधारण ३ जणींना दिवस जातात. काहीच साधन वापरलं नाही तर हाच आकडा १०० पैकी ८५ च्या आसपास असतो.

मग १०० पैकी ७ जणींना दिवस जातात असंही वाचलं. खरं काय?

तेही खरं आहे. पहिला आकडा गोळीचा आहे आणि दुसरा गोळी घेणाऱ्या बाईच्या रोजच्या आयुष्याचा. वर्षभरात कधी गोळी राहते, कधी नवं पाकीट आणायला उशीर होतो, कधी माहेरी जाताना पाकीट घरीच विसरतं, कधी जुलाब-उलट्यांनी चार दिवस सगळंच बिघडतं. असं सगळं जमेस धरून पहिल्या वर्षात १०० पैकी सुमारे ७ जणींना गर्भ राहतो.

या दोन आकड्यांमधलं अंतर जवळपास पूर्णपणे चुकलेल्या गोळ्यांचं असतं. म्हणून ‘गोळी चांगली की वाईट’ यावर वाद घालण्यापेक्षा गोळी चुकली तर त्या दिवशी नेमकं काय करायचं, हे माहीत असणं माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. ते बायकांना कुणी नीट सांगत नाही. पाकीट हातात ठेवून ‘रोज एक घ्या’ एवढंच सांगितलं जातं.

गोळी शरीरात काय करते?

मुख्य काम म्हणजे अंडाशयातून बीजांड बाहेर पडू देत नाही. बीजच बाहेर आलं नाही तर गर्भ राहणार कसा? शिवाय गर्भपिशवीच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, त्यामुळे शुक्रजंतूंना आत जाणं अवघड होतं. माला-एनच्या प्रत्येक पांढऱ्या गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम असतं. हे प्रमाण एका दिवसापुरतं बेतलेलं आहे. रोजची गोळी रोजच का घ्यायची, याचं उत्तर त्यातच आहे.

शेवटच्या ७ गोळ्या लोहाच्या असतात. त्या नाही घेतल्या तर चालेल का?

गर्भ न राहण्याच्या दृष्टीने चालेल. पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यातल्या २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांचा गर्भनिरोधनाशी संबंध नाही. त्या दिवसांत पाळी येते, रक्त जातं, म्हणून लोह दिलेलं असतं. आपल्याकडे इतक्या बायकांच्या अंगात रक्त कमी असतं की त्या घेतलेल्याच बऱ्या.

पण त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे, आणि तो कळला की बाई त्या टाकून देत नाही. रोज गोळी घ्यायची सवय त्यांच्यामुळे मोडत नाही. ज्या बायका २१ गोळ्या संपल्या की थांबतात, त्यांना नवं पाकीट कोणत्या दिवशी सुरू करायचं ते बोटांवर मोजावं लागतं. पाळी चालू आहे, मग थांबू दे, असं म्हणत दोन-तीन दिवस जास्त जातात. संपूर्ण महिन्यात सर्वांत धोक्याचे दिवस हेच. संप्रेरक नसलेल्या ७ दिवसांत अंडाशय हळूहळू जागं व्हायला लागलेलं असतं. आठव्या दिवशी गोळी मिळाली की ते पुन्हा शांत होतं. ती मिळाली नाही तर बीज तयार होऊन बाहेर पडू शकतं. म्हणजे पाकिटाच्या मधली एखादी गोळी विसरण्यापेक्षा नवं पाकीट उशिरा सुरू करणं जास्त महागात पडतं.

पाळी थांबली असो वा चालू असो, २८वी गोळी संपली की दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली गोळी घ्यायची. नवं पाकीट आधीच घरात आणून ठेवा.

एक गोळी विसरले. आता?

आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. त्यासाठी एकाच दिवशी दोन गोळ्या, अगदी एकाच वेळी दोन, घ्याव्या लागल्या तरी हरकत नाही. थोडी मळमळ होईल. निरोधची वगैरे गरज नाही. एका गोळीने घाबरून पूर्ण पाकीट सोडून देणाऱ्या बायका असतात, आणि दिवस जातात ते त्या सोडून देण्यामुळे.

दोन किंवा जास्त गोळ्या राहिल्या तर?

आता काळजी घ्यायची वेळ आहे. राहिलेल्यांपैकी एक गोळी लगेच घ्या, बाकीच्या राहिलेल्या टाकून द्या आणि उरलेल्या रोजच्यासारख्या चालू ठेवा. पुढचे ७ दिवस निरोध वापरा किंवा संबंध टाळा. सलग ७ गोळ्या पोटात गेल्या की संरक्षण पुन्हा उभं राहतं.

याशिवाय कोणत्या आठवड्यात चुकल्या ते पाहा.

पहिल्या आठवड्यात चुकल्या असतील, किंवा नवं पाकीट दोन अथवा अधिक दिवस उशिरा सुरू केलं असेल, आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीचा (७२ तासांच्या आत) किंवा तांबीचा विचार करा. यात दिरंगाई नको.

तिसऱ्या आठवड्यात चुकल्या असतील तर पांढऱ्या गोळ्या संपवा, लोहाच्या गोळ्या या वेळी टाकून द्या आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू करा. त्या महिन्यात पाळी येणार नाही किंवा थोडं डाग लागल्यासारखं होईल. त्यात काही वाईट नाही.

लोहाच्या गोळ्या राहिल्या तर काहीच करायचं नाही.

पहिली गोळी घेतल्यापासूनच परिणाम सुरू होतो का?

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर हो, त्याच दिवसापासून. पहिल्या दिवशी घेतलेली उत्तम. दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल तर इतर कधीही सुरू करता येते, मात्र मग पहिले ७ दिवस निरोध हवा.

नवरा कामासाठी बाहेरगावी असतो. तो आल्यावरच गोळ्या घेतल्या तर?

हा प्रश्न फार जणींना पडतो आणि त्यात बायकांची काही चूक नाही. डोकं दुखलं की डोकेदुखीची गोळी, तशीच ही, असंच वाटणं साहजिक आहे. पण ही गोळी त्या रात्रीपुरती काम करत नाही. बीज बाहेर पडू न देण्यासाठी तिला रोज हजर राहावं लागतं. तो आल्यावर चार दिवस घेतली आणि गेल्यावर बंद केली, तर संरक्षण मिळत नाहीच, वर पाळीचंही चक्र बिघडतं.

नवरा महिनोन्महिने बाहेर असेल आणि चार दिवसांसाठी येत असेल तर निरोध किंवा तांबी जास्त सोयीची. गोळीच हवी असेल तर तो नसतानाही चालू ठेवायची.

उपवासाच्या दिवशी गोळी घेतली तर चालते का?

औषधाने उपवास मोडत नाही असं बहुतेक घरांत मानलं जातं, आणि रक्तदाबाची गोळी जशी उपवासाला घेतली जाते तशी हीही घ्यावी. नवरात्राचे नऊ दिवस बंद ठेवली तर संरक्षण पूर्ण जातं. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर रात्री फराळानंतर घ्या.

रोज ठरलेल्या घड्याळालाच घ्यायला हवी का?

माला-एनसारख्या गोळीला तास-दोन तास मागेपुढे झाल्याने बिघडत नाही. ठरलेली वेळ लक्षात राहण्यासाठी असते. रात्रीच्या जेवणानंतर, दात घासताना, मोबाइलच्या गजरावर, काहीही चालेल. फक्त ‘वेळ मिळेल तेव्हा’ नको.

गोळी घेतल्यावर उलटी झाली. ती मोजायची का?

दोन तासांच्या आत उलटी झाली असेल तर धरू नका, दुसरी गोळी घ्या. जुलाब किंवा उलट्या दोन दिवसांपेक्षा जास्त चालल्या तर गोळ्या घेत राहूनही त्या चुकल्यासारख्याच समजा आणि वर सांगितल्याप्रमाणे निरोध वापरा.

दुसरी औषधं चालू असतील तर गोळी कमी पडते का?

काही औषधांनी पडते. आपल्याकडे यातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन. टीबीच्या नेहमीच्या उपचारात ते असतंच. ते यकृताला संप्रेरकं झपाट्याने मोडायला लावतं, त्यामुळे गोळी रोज घेऊनही रक्तात पुरेशी उरत नाही. उपचार संपल्यानंतरही साधारण चार आठवडे हा परिणाम टिकतो. टीबीचे उपचार चालू असताना तांबी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन योग्य. टीबीच्या गोळ्या देताना हे सांगायला हवं, आणि सांगितलं गेलं नाही तर तुम्ही विचारा.

फिटच्या औषधांपैकी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यांनीही हेच होतं. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलट घडतं, गोळीमुळे त्या औषधाचं प्रमाण घटून फिट येऊ शकते. एचआयव्हीवरच्या काही औषधांचाही परिणाम होतो. डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावं दाखवा.

सर्दी-खोकला, घसा, लघवीचा जंतुसंसर्ग यांसाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्समुळे गोळी निकामी होत नाही. ती भीती जुनी आहे.

पाळी पुढे ढकलायची गोळी घेतेय. त्या दिवसांत गर्भ राहणार नाही ना?

राहू शकतो. घरात गणपती, सत्यनारायण, लग्न असलं की मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या जातात. त्यात बहुधा ५ मिलिग्रॅमचं नॉरएथिस्टेरॉन असतं. ते पाळी येण्याच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात, म्हणजे बीज बाहेर पडून बरेच दिवस झालेले असतात. गर्भनिरोधक म्हणून ती गोळी दिलेलीच नसते. तिच्यावर अजिबात विसंबू नका. आणि गोळ्या थांबवूनही पाळी आली नाही तर ‘गोळीमुळे लांबली’ असं समजून महिना घालवू नका, लघवीची तपासणी करा.

ज्या आधीपासून माला-एन किंवा तशी गोळी घेतात त्यांना ही वेगळी गोळी लागतच नाही. लोहाच्या ७ गोळ्या वगळून थेट नवं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते आणि संरक्षणही अखंड राहतं. पाळीची शिवाशिव पाळायची की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, मला स्वतःला त्यासाठी औषध घ्यावं लागणं खटकतं. पण घ्यायचंच असेल तर निदान धोका नसलेली वाट माहीत असावी.

‘छाया’ गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. ती तितकीच भरवशाची आहे का?

‘छाया’ मध्ये संप्रेरक नाही. सेंटक्रोमॅन नावाचं हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालं. ‘सहेली’ या नावाने ते आधीपासून बाजारात होतं, आणि २०१६ मध्ये ‘छाया’ नावाने सरकारी कार्यक्रमात आलं. नीट घेतली तर वर्षाला १०० पैकी एक-दोघींना गर्भ राहतो, म्हणजे माला-एनपेक्षा जरा जास्त.

चूक होते ती वेळापत्रकात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा घ्यायची. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, तो रविवार असेल तर पुढे दर बुधवारी आणि रविवारी. तीन महिन्यांनंतर दर रविवारी एकच. पहिल्याच आठवड्यापासून एकेक गोळी घेणाऱ्या बायका आहेत, त्यांना पुरेसं संरक्षण मिळत नाही. गोळी चुकली आणि सात दिवस उलटले नसतील तर आठवताच घ्या, ठरलेले वार चालू ठेवा आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त झाले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन अशी सुरुवात.

‘छाया’ने पाळी लांबते आणि कमी जाते. हे अपेक्षित आहे, पण त्यामुळे मनाला घोर लागतो. १५ दिवसांपेक्षा जास्त लांबली तर तपासणी करून घ्या. पीसीओडी, नुकतीच झालेली कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर ही गोळी घेऊ नये.

बाळ अंगावर पितं. कोणती गोळी?

बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत माला-एन, माला-डी नको. ‘छाया’ चालते. एकाच संप्रेरकाची, प्रोजेस्टोजेनची गोळीही चालते, पण तिच्यातल्या काही जुन्या प्रकारांना तीन तासांचा उशीरही खपत नाही, डेसोजेस्ट्रेलच्या गोळीला बारा तासांपर्यंत चालतो.

‘अंगावर पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत’ हे तीन अटी एकत्र असतील तरच खरं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत सुरू झालेली नको, आणि बाळाला पाण्याचा थेंबही न देता दिवसरात्र फक्त आईचं दूध हवं. एक अट तुटली की साधन लागतं.

तातडीची गोळी दर वेळी घेतली तर रोजची कटकट वाचेल का?

नाही. आय-पिल, अनवाँटेड-७२ किंवा आशाताईंकडे मिळणारी ईझी-पिल यांत १.५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं. ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. वजन जास्त असेल तरी ती कमी पडू शकते. वारंवार घेतल्याने जीवाला धोका होतो असं नाही, पण रोजच्या गोळीपेक्षा ती पुष्कळ कमी खात्रीची आहे आणि पाळी अनियमित करते. घेतल्यानंतर पुढच्या संबंधांना तिचं संरक्षण नसतं. तातडीच्या उपायांत सर्वांत खात्रीची तांबी, ती पाच दिवसांच्या आत बसवता येते.

तातडीच्या गोळीने गर्भपात होत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टरांशिवाय मेडिकलमधून आणून घेऊ नका. त्यातून झालेला रक्तस्राव जिवावर बेततो.

तांबी, ऑपरेशन यांच्या तुलनेत गोळी कुठे बसते?

रोजच्या वापरात वर्षाला १०० पैकी किती जणींना दिवस जातात ते पाहा: निरोध सुमारे १३, गोळी ७, इंजेक्शन ४, तांबी एकपेक्षा कमी, स्त्रीचं ऑपरेशन अर्धा, पुरुषाची नसबंदी त्याहूनही कमी. तांबीला काही लक्षात ठेवावं लागत नाही, म्हणून ती पुढे.

इथे एक खंत लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं, गोळी घेणाऱ्या ५ टक्के होत्या आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. सर्वांत सोपं आणि खात्रीचं ऑपरेशन पुरुषाचं, आणि तेच सर्वांत कमी. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, तेव्हा गोळी जगात कुठेच नव्हती. आज ती उपकेंद्रावर फुकट मिळते, पण घरात या विषयावर बोलणं अजून बाईलाच एकटीला करावं लागतं.

गोळी कुणी घेऊ नये?

रक्तदाब वाढलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, किंवा डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, यांपैकी काही असेल तर नको. वय ३५ च्या वर आणि सिगारेट ओढत असाल तरीही नको. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. गोळी चालू असताना एका पायाला सूज येऊन पोटरी दुखली, छातीत दुखलं, धाप लागली, नजर अंधारली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बरीच वर्षं घेतल्यावर मूल होण्यात अडचण येते का?

नाही. बंद केल्यावर पाळी लवकरच पूर्ववत होते. इंजेक्शनने मात्र काही महिने उशीर होऊ शकतो. मधून मधून ‘शरीराला विश्रांती’ देण्याची गरज नसते, आणि त्या विश्रांतीतच बऱ्याच जणींना दिवस जातात.

गोळ्या नियमित घेऊनही पाळी आली नाही तर?

एकही गोळी चुकली नसेल तर बहुधा पिशवीचं अस्तर पातळ झाल्यामुळे रक्तस्राव झालेला नसतो. नवं पाकीट वेळेवर सुरू करा. मनात शंका असेल, किंवा गोळ्या चुकल्या असतील, तर लघवीची तपासणी करा. ‘निश्चय’ हे किट आशाताईंकडे फुकट मिळतं.

गोळी चालू असताना दिवस गेलेच तर?

गोळ्या थांबवा. तोवर घेतलेल्या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही, त्यामुळे मूल हवं असेल तर निर्धास्त राहा आणि नाव नोंदवा.

मूल नको असेल तर साधन निकामी ठरणं हे गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे कारण अविवाहित स्त्रीलाही लागू होतं, आणि २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. १८ वर्षं पूर्ण असलेल्या स्त्रीची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, कुणी मागितली तरी.